आजोळची नोंद
(माहितीपटाचे निवेदन)

(पहाट. एस.टी. स्टँड. बाकावर आजोबा, शेजारी नातू.)

सातारा जिल्ह्यातला डोंगराकडचा एक तालुका. सकाळची पहिली गाडी अजून लागायची आहे. आजोबांच्या मांडीवरच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद आहेत. शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, आधार, आणि वहीच्या पानावर पेनानं काढलेली वंशावळ.

आजोबांनी उभी नोकरी एस.टी.च्या स्टिअरिंगमागे काढली. या घाटाचं एकेक वळण त्यांना पाठ आहे. आज ते तिकीट काढून बसलेत. या कामासाठी ही तिसरी खेप.

शोधायची आहे एक ओळ. आजोबांच्या जन्माची.

(गाडी सुटते. खिडकीतून घाट.)

नातवाला जातीचा दाखला काढायचाय. इतर मागासवर्गासाठी पुरावा लागतो 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. विमुक्त-भटक्यांसाठी हीच तारीख 21 नोव्हेंबर 1961, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950. म्हणजे मूल आजचं, प्रवेश आजचा, पण कागद आजोबांचा, नाहीतर पणजोबांचा. आणि तेव्हाच्या शेतकऱ्याच्या घरात जातीचा रकाना असलेला सरकारी कागद कुठला? एक शाळेचा. दुसरा जन्म-मृत्यूच्या वहीतला. शाळेच्या दाखल्यावर यांची जात मोघम लिहिलेली. राहिली ती वही.

(ग्रामपंचायत. भिंतीवरचा सेवांचा फलक. संगणक.)

पहिली खेप गावातच झाली. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फलक आहे: जन्म नोंद दाखला, 5 दिवस, 20 रुपये. आजच्या बाळासाठी हे खरंही आहे. 21 दिवसांच्या आत कळवलं की नोंद होते, आणि क्यूआर कोड असलेला दाखला छापून हातात येतो. पण हा सगळा कारभार 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतरचा. ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांच्या कपाटात त्याआधीचं काही सापडलं नाही. जुनं दप्तर तहसीलला, असं सांगून त्यांनी हात जोडले.

(तहसील कार्यालय. अभिलेख कक्षाचं दार. लाल कापडातले गठ्ठे.)

दुसरी खेप तहसीलला. हे गठ्ठे नीट बघा. एका गाठीत एक गाव. कापड एके काळी लाल होतं. आत लांबोडक्या वह्या, शिवणीच्या दोऱ्यावर तोललेल्या. सरकारी भाषेत याचं नाव गाव नमुना 14. विदर्भात हाच शोध घेणारे लोक कोतवाल बुक म्हणतात.

ही वही कशी भरली जायची, ते या पानांवरच दिसतं. गावात मूल जन्मलं की वर्दी द्यायची. कधी घरचं माणूस जाई, बऱ्याचदा कोतवालच. गावकामगार पाटील वही उघडणार आणि ओळ लिहिणार. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, वर्दी कुणी दिली. बाळाचं नाव बहुतेक ठिकाणी नाहीच. असणार कसं? वर्दी आधी जाते, बारसं बाराव्या दिवशी. आणि बारशानंतर नाव सांगायला परत पाटलाच्या वाड्यावर कोण जातंय! म्हणून पानामागून पान, मुलगा, मुलगी, मुलगी, मुलगा. आईचं नाव तर शोधूनही सापडत नाही.

(बोट रकान्यावरून खाली सरकतं. पानाचा तुकडा गळून पडतो.)

या पानाला कुणीतरी कधीकाळी सेलोटेप लावली. टेप पिवळी पडली, आणि तिच्याखालची शाईही पुसट झाली. पुढची वही वाळवीची. आजोबांच्या धाकट्या भावंडांची वर्षं नेमकी हीच, आणि त्या वर्षांचं आता भोक उरलंय. कडेनं अक्षरं आहेत, मधून पलीकडची भिंत दिसते.

आजोबांची स्वतःची नोंद गावाच्या गठ्ठ्यात नव्हतीच. वर्ष चुकलं असेल म्हणून मागची-पुढची तीन-तीन वर्षं पाहिली. मग अभिलेखपालांनी एकच प्रश्न विचारला: तुम्ही आईचं पहिलं लेकरू का?

पहिलं बाळंतपण माहेरी. हे सगळ्यांना ठाऊक, पण कागद शोधताना आठवत नाही. मूल जिथं जन्मलं तिथल्या वहीत नोंद, मग ते वाढो कुठंही. घराण्याचं नाव इथलं, शेत इथलं, वंशावळ इथली. वही मात्र आजोळची.

(शेजारच्या तालुक्याचं गाव. एस.टी. थांबते.)

म्हणून ही तिसरी खेप, शेजारच्या तालुक्यात. आजोबांना जन्मतारीख माहीत आहे, पण दोन माहीत आहेत. दाखल्यावर 1 जून 1951. ही गुरुजींनी लावलेली. महाराष्ट्रात एक जूनला जन्मलेल्यांची फौज उभी राहील, त्यातलेच हे एक. दुसरी तारीख आईनं सांगितलेली: बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी. वर्ष तिला सांगता आलं नाही.

बेंदूर आषाढात. म्हणून प्रत्येक वर्षाचे जून-जुलै तेवढे बघायचे.

(भिंग. मोडी अक्षरं जवळून.)

आणि इथं गाडं अडतं. पाटील जुन्या वळणाचे, हात मोडीचा. मोडी शाळेतून गेली, ती वाचणारी पिढीही जवळजवळ गेली. शब्द तोडायचे नाहीत, हात उचलायचा नाही, एका ओढीत ओळ संपवायची. लिहिणाऱ्याचा वेळ वाचला, तो आता वाचणारा फेडतोय. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, वही वाचून दाखवणारा हा मुलगा त्यातच शिकलेला. 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि राज्यभर दप्तरं उघडली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना उसंत नाही. त्याआधी या खोलीत महिनोन् महिने कुणी फिरकत नसे.

1950. नाही. 1951. नाही. 1952, जुलै.

(बोट थांबतं. इथे निवेदन नाही. आजोबांचा चेहरा.)

बापाचं नाव बरोबर. जात स्पष्ट. मुलगा. वर्दी देणारा आईचा भाऊ.

जाता जाता एक हिशेब. वही खरी धरली तर आजोबा दाखल्यापेक्षा वर्षाहून अधिक लहान. म्हणजे तेवढे दिवस नोकरीतून आधीच निवृत्त झाले. ते हसले आणि चहा सांगितला.

(नक्कल विभागाची खिडकी. कोर्ट फी तिकीट. शिक्का.)

ओळ सापडणं वेगळं, तिची नक्कल हातात येणं वेगळं. अर्ज, त्यावर कोर्ट फी तिकीट, शोध फी. कारकून ओळ उतरवून घेतो, दुसरा मूळ वहीशी ताडून पाहतो. याला रुजवात म्हणतात. मग खरी नक्कल असा शेरा, सही, गोल शिक्का. अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, या तिन्ही तारखा कागदावरच. मोडीचं देवनागरी लिप्यंतर वेगळं जोडायचं. बाळाचं नाव रकान्यात नाहीच, तेव्हा तो मुलगा म्हणजे मीच, हे आजोबांनी प्रतिज्ञापत्रावर सांगायचं. मूळ ओळीला मात्र कुणी हात लावत नाही. आजच्या कायद्यातही तेच आहे: दुरुस्ती करायची तर समासात, तारीख घालून, सही करून. जुनं अक्षर खोडायचं नाही.

ज्यांची ओळ कुठंच नाही, त्यांना नमुना 10, म्हणजे नोंद आढळत नसल्याचा दाखला घेऊन कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. मार्च 2025 पासून त्याची तपासणी कडक झाली आहे. आणि 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा.

नातवाचा अर्ज दाखल झाला. पडताळणी बाकी आहे.

(अभिलेख कक्ष. संध्याकाळ.)

शिपाई वही मिटतो. कापडाची चार टोकं जुळवून गाठ मारतो आणि गठ्ठा होता तिथं ठेवतो, खालच्या फळीवर. शेजारच्या भिंतीवर पावसाळ्याची ओल आहे, कमरेइतकी वर आलेली.

(दिवा बंद.)