फाइलच्या मागे मागे

कर्जाच्या एका अर्जावर प्रत्यक्ष काम व्हायचं दीड तास. उत्तर यायला लागायचे सरासरी ६ दिवस.

कंपनी आयबीएम क्रेडिट, आयबीएमचे संगणक घेणाऱ्यांना कर्ज देणारी. अर्जाचे टप्पे पाच: नोंद, पत तपासणी, कराराच्या अटी, व्याजदर आणि शेवटी पत्र. तोवर ग्राहक ताटकळायचा, कधी दुसरीकडे वळायचा. अखेर दोन वरिष्ठ अधिकारी एक अर्ज हातात घेऊन टेबलोटेबली फिरले. प्रत्येकाला हातातलं काम थांबवून आधी हाच अर्ज बघायला लावला. तेव्हा कुठे तो दीड तासाचा आकडा सापडला.

जरा हिशेब करा. प्रत्येकाने दुप्पट वेगाने काम केलं असतं, तर वाचला असता पाऊण तास. सहा दिवसांतला!

दुखणं टेबलांवर नव्हतंच, दोन टेबलांच्या मधे होतं. म्हणून तिथे रचनाच मोडली. एकच माणूस, सोबतीला संगणक, अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्याकडे. अवघड प्रकरण असेल तरच तज्ज्ञाकडे. वेळ उतरला ४ तासांवर.

व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी १९९० साली हेच सांगितलं, कामाची मुळापासून फेररचना करा: निरुपयोगी कामाला संगणक जोडू नका, ते कामच काढून टाका. त्यांचं गाजलेलं उदाहरण फोर्डचं. पुरवठादारांची बिलं भागवायला ५००हून जास्त माणसं. माझ्दा कंपनी मोटारींच्याच धंद्यातली, आकाराने लहान हे खरं, पण तिथे माणसं फक्त ५. फोर्डने बिल हा प्रकारच रद्द केला. माल आला, ऑर्डरशी जुळला, पैसे निघाले.

मग सगळीकडे हेच करायचं? नाही. टप्पे सगळे गरजेचे आहेत, पण एकाच कामाचा निकाल रोज वेगळा येतोय, तिथे मोटोरोलात घडलेली सिक्स सिग्मा, म्हणजे मोजमाप करून चुका आणि चढउतार कमी करायची पद्धत, बरी. दहा लाख संधींमागे ३.४ चुका, एवढं कडक माप. मात्र मोजमापाची शिस्त हवी. आणि टप्पाच फालतू असेल, तर सिक्स सिग्मा तो फालतू टप्पा बिनचूक करून देते, एवढंच. काम मुळात ठीक चाललंय, बारीकसारीक कुरबुरी आहेत, तर टोयोटाच्या वळणाची कायझेन, म्हणजे सतत छोट्या छोट्या सुधारणा, पुरते. सुधारणा काम करणाऱ्यांनीच सुचवायच्या.

प्रत्यक्षात कंपन्या पद्धत आधी ठरवतात, फाइल नंतर बघतात. सल्लागाराला जी येते, ती पद्धत.

मुळापासून फेररचनेचा मार्ग सर्वांत धोक्याचा. १९९३ साली हॅमर आणि त्यांचे सहलेखक जेम्स चँपी यांनीच अंदाज मांडला होता, की असे ५० ते ७० टक्के प्रयत्न ठरवलेला पल्ला गाठत नाहीत. पुढे फेररचना म्हणजे नोकरकपात, असंच समीकरण झालं. माणसांचा विचार आपल्याकडून कमी पडला, हे इंजिनिअर असलेल्या हॅमर यांनी नंतर स्वतःच कबूल केलं.