डिश बसण्याआधी

(दृश्य : रुग्णालयाची गच्ची. दोन तंत्रज्ञ डिशचा कोन जुळवत आहेत.)

बोल्ट थोडा ढिला करायचा, डिश केसभर सरकवायची, मीटर बघायचा. पुन्हा सरकवायची. या डिशवर दूरवैद्यक सेवा चालणार आहे, म्हणजे इथल्या रुग्णासाठी परदेशातल्या तज्ज्ञाचा सल्ला उपग्रहावरून येणार आहे. उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे. इथं एका अंशाची चूक झाली, तर तिथं नेम सहाशे किलोमीटरहून जास्त चुकतो. नेम बरोबर लागला तरी लगेच प्रक्षेपण सुरू करता येत नाही. हबवरचा, म्हणजे सगळ्या डिश जोडणाऱ्या मध्यवर्ती केंद्रावरचा, अभियंता फोनवर असतो. या डिशचा सिग्नल शेजारच्या वाहिनीत सांडत नाही ना, हे तो आधी तपासतो आणि मगच परवानगी देतो.

गच्चीवर हे काम दिवसभरात उरकतं. पण डिश गच्चीवर चढण्याआधी तिच्यासाठी वारंवारतेचा परवाना लागतो, सीमाशुल्कातून सूट लागते आणि गच्ची वजन पेलेल की नाही याचा अभियंत्याचा दाखला लागतो. यातला प्रत्येक कागद वेगळ्या खात्याकडून येतो. दोन देश असतील तर खाती दुप्पट. दूरवैद्यक सेवेचं खरं बांधकाम या कागदांवर होतं.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. भूकंपानंतरचं आर्मेनिया.)

७ डिसेंबर १९८८. तेव्हा सोव्हिएत संघात असलेल्या आर्मेनियात स्पिताकचा भूकंप झाला. पुढच्या वर्षी येरेवानमधलं रुग्णालय आणि अमेरिकेतली चार वैद्यकीय केंद्रं उपग्रहानं जोडली गेली. चित्र एकाच बाजूनं जात होतं, आवाज दोन्ही बाजूंनी, आणि कागदपत्रांसाठी फॅक्स होता. त्याच वर्षी जून महिन्यात सोव्हिएत संघातल्याच उफा शहराजवळ वायुगळतीच्या स्फोटात रेल्वेगाड्या जळाल्या, तेव्हा हीच जोडणी तिथल्या भाजलेल्या रुग्णांसाठी वाढवण्यात आली.

शीतयुद्ध अजून संपलेलं नव्हतं. तरीही हे काही महिन्यांत जमलं, कारण अंतराळ जीवशास्त्र आणि वैद्यक या विषयावर दोन्ही देशांचा संयुक्त कार्यगट आधीपासून काम करत होता. कोणाला फोन करायचा आणि सही कोणाची घ्यायची, हे ठरलेलं होतं. आपत्ती आल्यावर नियोजनाचं टेबल मांडायला घेतलं असतं, तर रुग्णांना त्याचा काही उपयोग झाला नसता.

(दृश्य : आफ्रिकेचा नकाशा. डकारपासून निघणाऱ्या रेषा.)

सप्टेंबर २००४ मध्ये जोहान्सबर्ग इथं पॅन-आफ्रिकन संसदेसमोर बोलताना राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी सगळा आफ्रिका खंड उपग्रह आणि फायबरनं जोडण्याचा प्रस्ताव मांडला. ऑक्टोबर २००५ मध्ये आफ्रिकन युनियन आणि भारत सरकारची टीसीआयएल ही दूरसंचार कंपनी यांच्यात करार झाला. इथिओपियात आधी प्रायोगिक जोडणी करून बघितली गेली. पहिल्या टप्प्याचं उद्घाटन २६ फेब्रुवारी २००९ ला झालं. म्हणजे प्रस्तावापासून साडेचार वर्षं. ही वर्षं वाया गेली असं ज्यांना वाटतं, त्यांनी करारांची चळत बघावी. आफ्रिकन युनियनशी केलेला एक करार पुरेसा नव्हता. सामील होणाऱ्या प्रत्येक देशाशी वेगळा करार करावा लागला.

मुख्य हब सेनेगलमध्ये, डकारला. प्रत्येक देशात एक रुग्णालय आणि एक शिक्षण केंद्र. भारताच्या बाजूला १२ अतिविशेष रुग्णालयं. रुग्णालयाकडून उपग्रहाकडे, तिथून डकारला, आणि डकारहून समुद्राखालच्या केबलनं भारतात, असा सिग्नलचा मार्ग. या मार्गावर प्रश्न विचारल्यापासून उत्तर कानावर पडेपर्यंत अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो. दोन्हीकडचे डॉक्टर एकमेकांचं वाक्य तोडतात, मग दोघेही थांबतात. म्हणून पहिला नियम प्रशिक्षणातच शिकवावा लागतो : वाक्य पूर्ण करा, थांबा, मग ऐका.

(दृश्य : एक्स-रे फिल्म स्कॅनरमध्ये सरकते. पडद्यावर पट्टी पुढे जाते.)

ही पट्टी इतकी सावकाश का चालते? छातीचा एक एक्स-रे नीट स्कॅन केला, तर फाइल साधारण १० मेगाबाइटची होते. सेकंदाला ५१२ किलोबिट नेणाऱ्या वाहिनीवर ती जायला, सगळं सुरळीत असेल तर, अडीच मिनिटांपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. तीनशे कापांचा सीटी स्कॅन दीडशे मेगाबाइटच्या घरात जातो. त्याला जवळजवळ चाळीस मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात त्याच वाहिनीवर व्हिडिओ चालवला तर दोन्ही कामं अडकतात. म्हणून चित्रं आदल्या संध्याकाळी पाठवायची आणि सत्रात फक्त बोलायचं. चित्राचा दर्जा न घटवता दाबलेली फाइल निम्म्यापर्यंत येते. त्याहून जास्त दाबायची असेल, तर निदान करणाऱ्या डॉक्टरला विचारूनच.

चित्रासोबत एक पानाचा गोषवारा जातो. सर्वांत जास्त चुका या पानावर होतात. भारतात रक्तातली साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये लिहितात. जगात बऱ्याच ठिकाणी ती मिलिमोल प्रति लीटरमध्ये असते आणि फ्रेंच वळणाच्या प्रयोगशाळांत ग्रॅम प्रति लीटरमध्ये. १२६, ७ आणि १.२६ हे तिन्ही आकडे एकाच साखरेचे आहेत. क्रिएटिनिन या मूत्रपिंडाच्या तपासणीचं तसंच : आपल्याकडचा १ मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर म्हणजे तिकडचा ८८ मायक्रोमोल प्रति लीटर. एकक न लिहिलेला आकडा गोषवाऱ्यात चालवून घेऊ नये. तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहावा. औषधाचं नाव व्यापारी नको, मूळ हवं. आणि रुग्णाच्या देशाची अत्यावश्यक औषधांची यादी सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाच्या टेबलावर आधीच पोचलेली असावी. नाहीतर तो उत्तम औषध सुचवतो आणि ते त्या देशात मिळतच नाही.

(दृश्य : भिंतीवर दोन घड्याळं.)

डकार आणि भारत यांच्यात साडेपाच तासांचं अंतर. भारतातली सकाळची बाह्यरुग्ण तपासणी दुपारी एकला संपते, तेव्हा डकारला सकाळचे साडेसात वाजलेले असतात. त्यामुळे डकारची नऊ ते अकरा, म्हणजे भारतातली अडीच ते साडेचार, ही वेळ दोघांनाही सोयीची. इथिओपियासाठी हा हिशेब वेगळा, तिथं अंतर अडीच तासांचं. इजिप्तमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी, भारतात रविवार. सोमवार ते गुरुवार एवढेच दिवस हाती राहतात, सणवार वेगळेच. विषुवदिनांच्या आसपास काही दिवस सूर्य थेट उपग्रहाच्या मागे येतो आणि रोज काही मिनिटं जोडणी तुटते. या वेळा आधी काढता येतात. वेळापत्रक आखणाऱ्यानं त्या लाल शाईनं खोडून ठेवायच्या.

(दृश्य : बॅटऱ्यांची खोली. मग पावसात भिजणारी केबल.)

वीज हा नियोजनात सर्वांत हलक्यानं घेतला जाणारा विषय. मोडेम, प्रक्षेपक, कॅमेरा, संगणक आणि दोन पडदे मिळून सहाशे वॅट धरा. चार तास चालवायचं तर २.४ युनिट. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १.८ युनिट मावतात. पण ती टिकावी असं वाटत असेल तर निम्म्यापेक्षा खाली उतरवू नये. इन्व्हर्टरमधली गळती धरून चार बॅटऱ्या लागतात. वातानुकूलन यात धरलेलं नाही.

पावसात सिग्नल पडतो. केयू बँड या वरच्या वारंवारतेच्या पट्ट्यात जास्त, सी बँड या खालच्या पट्ट्यात कमी, म्हणून मुसळधार पावसाच्या पट्ट्यात मोठी डिश घेऊन सी बँडवर राहणं शहाणपणाचं. पाऊस थांबून तास झाला तरी सिग्नल परत आला नाही, तर मात्र ढगाला दोष देऊ नका. केबलची जोडणी उघडून बघा. बहुतेक वेळा आत पाणी शिरलेलं असतं, कारण जोडणीवर रबरी चिकटपट्टी गुंडाळायची राहिलेली असते.

(दृश्य : तपासणी खोली. रुग्णाजवळ उभी परिचारिका, पडद्यावर तज्ज्ञ.)

या खोलीत निर्णय कोणाचा, हे करारात स्वच्छ लिहावं लागतं. पडद्यावरच्या डॉक्टरला रुग्णाच्या देशात व्यवसायाचा परवाना नाही. म्हणून सेवा डॉक्टर ते डॉक्टर अशी आखली जाते : पलीकडचा तज्ज्ञ फक्त लेखी सल्ला देतो; औषध लिहिणं आणि जबाबदारी घेणं हे काम रुग्णाजवळच्या डॉक्टरचं. रुग्णाची संमती त्याच्याच भाषेत घ्यायची. चित्रीकरण होणार असेल तर त्याची संमती वेगळी. माहिती कोणत्या देशात साठवायची हेही ठरवायचं. सायबर सुरक्षा आणि वैयक्तिक माहितीचं संरक्षण यांविषयीचा आफ्रिकन युनियनचा मालाबो करार २०१४ मध्ये स्वीकारला गेला, पण अमलात आला ८ जून २०२३ ला. मधल्या काळात ज्या देशाचा स्वतःचा कायदा नव्हता, तिथं दोन रुग्णालयांमधला करार हाच आधार होता.

नियोजनाच्या टेबलावर मंत्रालयाचे अधिकारी आणि यंत्रं पुरवणारे बसलेले असतात. खुर्ची नसते ती या परिचारिकेला. कॅमेरा कुठं ठेवायचा, खिडकीचा उजेड रुग्णाच्या पाठीमागून येतो की समोरून, दुभाषा कुठं उभा राहणार, हे तिला ठाऊक असतं. आराखड्यावर पहिली सही तिच्या विभागाची असली पाहिजे.

ज्या ठिकाणी हे सगळं जुळलं, तिथं रुग्णांचा प्रवास वाचला आणि डॉक्टरांचं शिक्षण सुरू राहिलं.

(दृश्य : करारावर सह्या. मग रिकामी रॅक.)

भारतानं आफ्रिकेच्या जाळ्यासाठी ५४२.९० कोटी रुपये मंजूर केले. त्यात पाच वर्षांचं संचालन आणि देखभाल धरलेली होती. पुढं या कामाचा वारसा ई-विद्याभारती आणि ई-आरोग्यभारती प्रकल्पाकडे गेला. तो ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू झाला आणि डिशऐवजी इंटरनेटवर चालतो. जिथं साधं इंटरनेट पोचलंय तिथं हा बदल योग्यच आहे. जिथं पोचलेलं नाही, तिथल्या गच्चीवरच्या डिशचं सहाव्या वर्षाचं भाडं कोण भरणार, हे पहिल्या वर्षीच्या करारात आकड्यासकट असायला हवं. वाहिनीचं भाडं यजमान देशाच्या आरोग्य अंदाजपत्रकात दरवर्षी थोडं थोडं वाढवत न्यायचं, म्हणजे शेवटच्या वर्षी अख्खा बोजा एकदम पडत नाही. सुट्या भागांत एक प्रक्षेपक आणि एक एलएनबी (डिशवर येणारा सिग्नल पकडून वाढवणारा भाग) देशातच ठेवायचे, कारण परदेशातून येणारा भाग सीमाशुल्कात अडकला की केंद्र बंद राहतं. आणि प्रत्येक केंद्रावर प्रशिक्षित चालक दोन हवेत. एकाची बदली झाली की दुसरा तिसऱ्याला शिकवतो.