शिताची परीक्षा

नमस्कार श्रोतेहो.

मी प्रवचनं करतो. शेवटी प्रश्नोत्तरं असतात आणि प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे असतात. मागे एकदा बायकांच्या बाजूने एक चिठ्ठी निघाली, हातोहात पुरुषांकडे आली आणि एका गृहस्थांनी ती माझ्यापुढे ठेवली. "आमच्या मंडळींचा प्रश्न आहे," म्हणाले. मी चांगलं दहा मिनिटं उत्तर दिलं आणि तेवढा सगळा वेळ त्या गृहस्थांकडेच बघत होतो. घरी परतताना लक्षात आलं, प्रश्न जिचा होता तिचा चेहराही मी पाहिला नव्हता. आणि त्या दिवशीचा विषय कोणता, तर आत्म्याला लिंग नसतं!

तेव्हापासून मला सोमा फार आठवते. पाली भाषेतल्या थेरीगाथेत बौद्ध भिक्खुणींची ७३ काव्यं आहेत, त्यांतली ही एक. अंधवनात ध्यानाला बसलेल्या सोमाला मार, म्हणजे मोह घालणारा, येऊन म्हणतो, जे स्थान ऋषींनाही अवघड, ते दोन बोटांची अक्कल असलेल्या बाईला कुठून मिळणार? आता दोन बोटंच का? जुने टीकाकार सांगतात की बाई सात-आठ वर्षांची असल्यापासून भात रांधते, तरी शिजला की नाही हे तिला शीत दोन बोटांत दाबल्याशिवाय कळत नाही.

माराने जन्मात कधी भात रांधलेला नसावा. शीत दाबणं हे अज्ञान कसं होईल? तो पडताळा आहे. गंमत म्हणजे हीच कृती शास्त्रीपंडितांच्या हाती गेली की तिला 'स्थालीपुलाक न्याय' असं भारदस्त नाव मिळतं. बाईने केलं तर दोन बोटांची अक्कल, पंडिताने केलं तर न्याय.

सोमा चिडत नाही. ती म्हणते, चित्त स्थिर असेल, ज्ञान जागं असेल, तर बाईपण काय आड येणार? आणि संयुत्तनिकायात, म्हणजे बुद्धवचनांच्या एका पाली संग्रहात, हीच गोष्ट येते तिथे पुढे सोमाचं आणखी एक वाक्य आहे. मी स्त्री, मी पुरुष, मी अमुक, असं ज्याच्या मनात येतं, त्याच्याशी जाऊन बोल. यातल्या 'मी पुरुष' या दोन शब्दांवरून आपण झरकन पुढे जातो. बायकांनी बाईपण विसरावं, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पुरुषाने पुरुषपण खाली ठेवावं, असं सांगणारं प्रवचन मी तरी ऐकलेलं नाही. केलेलंही नव्हतं.

याच परंपरेने भिक्खुणींसाठी आठ जड नियमही सांगितले. त्यातला पहिला असा, की दीक्षा घेऊन शंभर वर्षं झालेल्या भिक्खुणीनेही आजच दीक्षा घेतलेल्या भिक्खूला वंदन करायचं. सोमाची गाथा आणि हा नियम, दोन्ही एकाच धर्माने जपले. धर्माची बाजू मांडायला बसलेल्या माणसाने हे लपवू नये.

इतरत्रही हीच ओढाताण दिसते. स्त्रीला स्त्रीदेहात मोक्ष मिळतो का, यावर जैनांच्या दिगंबर आणि श्वेतांबर पंथांत मतभेद आहे. श्वेतांबरांच्या मते एकोणिसाव्या तीर्थंकर मल्ली ही स्त्रीच होती. बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकात स्त्रीला 'साहाय्यक' म्हटलं आहे, आणि त्यावरून तिला दुय्यम ठरवणारे आजही आहेत. पण मूळ हिब्रू शब्द 'एझेर', आणि बायबलमधलाच स्तोत्रकर्ता 'माझं साहाय्य परमेश्वराकडून येतं' म्हणतो तेव्हा शब्द तोच आहे. मग परमेश्वरही दुय्यम का? जर्मनीत १९३५ साली रेजिना योनास ही स्त्री रब्बी, म्हणजे ज्यूंची धर्मगुरू झाली. १९४४ मध्ये आउशवित्झला त्यांची हत्या झाली आणि पुढे कित्येक दशकं त्यांचं नावही फारसं कुणी घेतलं नाही. इंग्लंडच्या चर्चमध्ये पहिली स्त्री बिशप व्हायला २०१५ उजाडलं. कॅथलिक चर्चचं दार अजून बंद आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग भेद नाहीतच का? आहेत की. देह वेगळे आहेत. गर्भ एकीलाच राहतो. आणि इथे माझं आजच्या काळाशीही थोडं भांडण आहे. सगळे सारखे, असं म्हणत आपण कामाच्या वेळा, बढतीची वर्षं, खुर्चीची उंचीसुद्धा पुरुषाच्या मापाने ठेवतो आणि बाईला म्हणतो, ये, तू मोकळी आहेस. हा मान नव्हे. आजारी बापाजवळ बसायला रजा मागणाऱ्या मुलाला 'घरात बायका नाहीत का' असं विचारणारा साहेबही याच मापाचा. अर्धनारीश्वराच्या मूर्तीत दोन्ही बाजू वेगळ्या आहेत, डोळे, दागिने, वस्त्र, सगळं वेगळं. पण एक अर्धा भाग दुसऱ्याच्या मापाने कापलेला नाही.

देहाचा भेद देहापाशी ठेवावा, एवढंच माझं म्हणणं. तो 'कोणाला कळतं' आणि 'कोणी बोलायचं' इथवर ताणला, की माराचं काम सोपं होतं.

पुढच्या प्रवचनात मी चिठ्ठ्या बंद केल्या. सोमाची गोष्ट सांगितली, आठ नियमांचीही सांगितली आणि माईक घेऊन स्वतः बायकांच्या बाजूला गेलो. बराच वेळ कोणी बोलेना. मग मागच्या रांगेतल्या एक आजीबाई उठल्या. त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला.

"ती शंभर वर्षांची वाकली," त्या म्हणाल्या, "तेव्हा त्या कालच्या पोराला काय वाटलं असेल हो?"

माईक माझ्याकडे परत आला. मी तो धरून तसाच उभा राहिलो.

नमस्कार.