‘जी साब’पासून ‘बघूया की’पर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

शिरोली एमआयडीसीत सकाळी पावणेसातच्या सुमाराला गेलात, तर एक माणूस हमखास भेटतो. कारखान्याच्या फाटकावर, निळ्या गणवेशात, पाठीचा कणा ताठ, बूट चकचकीत. येणाऱ्या ट्रकचा नंबर रजिस्टरमध्ये लिहितो आणि साखळी सोडतो. चौकशी केली की कळतं, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त. गाव चंदगडकडचं किंवा आजऱ्याचं, नाहीतर शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी. आणखी थोडा वेळ थांबलात, चहा सांगितलात, तर आणखी एक गोष्ट कळते. बर्फ पडून रस्ता बंद व्हायच्या आत उंचावरच्या चौकीवर सहा महिन्यांचं रेशन, रॉकेल आणि दारूगोळा चढवायचा हिशेब हा माणूस ठेवत होता. किती खेचरं, कुणावर किती ओझं, वाटेत एखादं जनावर लंगडलं तर काय करायचं, हे सगळं त्याच्या वहीत असायचं. ती वही चुकली असती तर वर जवान उपाशी राहिले असते.

फाटकावरचं काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. पण फाटकाच्या आत ज्या अडचणींसाठी मालक मुंबई-पुण्याहून सल्लागार बोलावतात, त्यातल्या कितीतरी या माणसाने बर्फात उभं राहून सोडवलेल्या असतात, आणि त्याला ते कुणी विचारलेलं नसतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. सैन्यातून बाहेर पडून व्यवस्थापन सल्लागार, म्हणजे मॅनेजमेंट कन्सल्टंट, होण्याबद्दल आज बोलायला आलोय ते याच तळमळीने.

मी शॉर्ट सर्व्हिस कमिशनचा, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नोकरीचा, अधिकारी. चेन्नईच्या अकादमीतून बाहेर पडलो, दहा वर्षं नोकरी केली, मेजर म्हणून उतरलो. शॉर्ट सर्व्हिसला पेन्शन नसतं. चौतिसाव्या वर्षी, एक मुलगी पहिलीत असताना, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची होती. पुढे मुंबईत एका सल्लागार कंपनीत काही वर्षं काढली आणि आता कोल्हापूरच्या ओतकामाच्या फाउंड्र्या, इचलकरंजीचे यंत्रमागवाले, हुपरीचे चांदीवाले यांच्यात फिरत असतो. माझी आई गावात सांगते, पोरगा कारखान्यांचा वैद्य आहे. याहून नेमकी व्याख्या मी कुठल्या वर्गात ऐकली नाही. दुसऱ्याच्या धंद्यात आठ-दहा आठवडे बसायचं, दुखणं कुठं आहे ते शोधायचं, उपाय सांगायचा आणि त्याची फी घ्यायची.

हा धंदा तसा जुना. मॅकिन्झी ही कंपनी 1926 साली शिकागोत सुरू झाली, बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप 1963 साली. पण या विचारपद्धतीची एक मुळी थेट लढाईतून आलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी पॅट्रिक ब्लॅकेट यांच्यासारखे शास्त्रज्ञ आरमाराच्या मदतीला बसवले. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजं बुडवत होत्या. जहाजांचे तांडे लहान ठेवावेत, म्हणजे सुरक्षित राहतील, अशी समजूत होती. या मंडळींनी आकडे मांडून दाखवलं की तांडा मोठा केला तर उलट नुकसानीचं प्रमाण कमी होतं. आपल्याकडच्या धनगराला हे सांगायला नको. कळप दुप्पट झाला म्हणून राखणीला कुत्री दुप्पट लागत नाहीत, कारण राखायची असते ती कड, आणि कड तेवढ्या पटीने वाढत नाही.

आणखी एक गोष्ट 1946 सालची. अमेरिकेच्या हवाई दलात आकडेवारीच्या खात्यात काम केलेले दहा अधिकारी युद्ध संपल्यावर एकत्रच नोकरी शोधायला निघाले. टेक्स थॉर्नटन नावाच्या त्यांच्या म्होरक्याने फोर्ड मोटार कंपनीला सरळ तार केली आणि तोट्यात चाललेल्या फोर्डने दहाही जण घेतले. त्यांनी तिथे खर्चाची शिस्त आणली, नियोजन आणलं. त्यातलेच रॉबर्ट मॅकनामारा 1960 साली कंपनीचे अध्यक्ष झाले आणि लगेच पुढच्या वर्षी अमेरिकेचे संरक्षणमंत्री. ही गोष्ट इथवरच सांगायची पद्धत आहे. मला पुढचीही सांगावीशी वाटते. व्हिएतनाममध्ये त्याच पद्धतीने शत्रूची मेलेली माणसं मोजून युद्ध जिंकत असल्याचा हिशेब केला गेला, आणि तो हिशेब फसला. जे मोजता येतं तेच खरं मानलं, आणि समोरच्या माणसाच्या मनात काय आहे ते मोजता येत नव्हतं म्हणून सुटलं. सल्लागार होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक फौजी माणसाने या दोन्ही गोष्टी जवळ ठेवाव्यात.

आता मुद्द्याचं. सैनिकाला नोकरी देताना सगळे म्हणतात, तुमच्याकडे शिस्त आहे. शिस्त आहेच. पण शिस्त एवढीच आमची पुंजी असती तर आम्हाला फाटकच योग्य होतं. आमची खरी पुंजी वेगळी आहे. सैन्यात तिला अ‍ॅप्रिसिएशन म्हणतात. शब्द कौतुकाचा वाटतो, पण अर्थ परिस्थितीचा लेखी विचार असा आहे. आधी उद्दिष्ट, एका वाक्यात. मग त्यावर परिणाम करणाऱ्या बाबी: जमीन, हवामान, वेळ, शत्रूचं बळ, आपलं बळ. आणि प्रत्येक बाबीखाली एक ओळ सक्तीची, तिचा निष्कर्ष. नदीला पाणी आहे, एवढं लिहून भागत नाही. पाणी आहे, म्हणून जड गाड्या पुलावरूनच न्याव्या लागतील, म्हणून पूल आधी ताब्यात हवा, इथपर्यंत यावं लागतं. नंतर उपलब्ध मार्ग, त्यातला एक निवडायचा, का निवडला ते सांगायचं. निष्कर्ष न लिहिता नुसती माहिती भरलेला माझा एक कागद कमांडिंग ऑफिसरांनी न वाचता परत केला होता. ‘तर मग काय?’ एवढंच त्यांनी वर लाल शाईत लिहिलं होतं.

पुढे मुंबईत सल्लागार कंपनीच्या मुलाखतीला बसलो. तिथे तुम्हाला एखाद्या धंद्याची अडचण देतात आणि अर्ध्या तासात मोठ्याने विचार करायला सांगतात. मला विचारलं, कोल्हापूर शहराला रोज किती दूध लागत असेल? क्षणभर घाम फुटला. मग आठवलं, हे तर मी कायम करत आलोय. एकशेवीस जवानांच्या तुकडीला तीन दिवसांचं पाणी किती, ते वाहायला किती गाड्या, हा हिशेब आम्ही नकाशावर उभ्या उभ्या करतो. 2011 च्या जनगणनेत शहर साडेपाच लाखांच्या आसपास. घरटी साडेचार माणसं धरली तर सव्वा लाख घरं. घराला लिटर-सव्वा लिटर, वर चहाच्या गाड्या, मिठाईवाले, आणि कोल्हापूर म्हणजे तालमीतल्या पोरांचं दूध वेगळं धरायला हवं. समोरचे हसले. आकडा बरोबर की चूक हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांना बघायचं होतं ते मी पायरी कुठे ठेवतो.

तेव्हा ज्यांची सेवा संपत आली आहे त्यांना माझं पहिलं सांगणं हे की आपल्या कामाचं भाषांतर करायला शिका. ‘कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार’ हे कारखान्याच्या मॅनेजरला कळत नाही. ‘एवढ्या माणसांचा एवढ्या रकमेचा साठा सांभाळला, ऑडिटला एक आक्षेप नाही’ हे कळतं. मी माझ्या पहिल्या अर्जात पलटणीचं नाव, पदकं, कोर्स सगळं लिहिलं आणि काय केलं ते लिहायचंच राहिलं. दोन महिने कुठूनही उत्तर आलं नाही.

शिकायची सोय आहे. संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय अधिकाऱ्यांसाठी आयआयएमसारख्या संस्थांत साधारण सहा महिन्यांचे व्यवस्थापनाचे वर्ग चालवतं आणि शुल्काचा मोठा हिस्सा सरकार उचलतं. जवान आणि जेसीओ, म्हणजे जवान आणि अधिकारी यांच्या मधल्या हुद्द्यांवरचे नायब सुभेदार-सुभेदार, यांच्यासाठीही वेगळे वर्ग आहेत. सेवेच्या शेवटच्या काळातच अर्ज करावा, घरी येईपर्यंत थांबू नये, आणि इथेच बरेच जण चुकतात. कोल्हापुरात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे नाव नोंदवून ठेवा. 2022 साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीर कायम होतात. बाकीची मुलं पंचविशीच्या आसपास आपल्याच गावात परत येणार. त्यांच्या आईवडिलांनीही हे ऐकावं.

आता जे सोडावं लागतं, त्याबद्दल. मला सगळ्यात जड गेलं ते हेच.

पलटणीत ‘जी साब’ म्हणजे काम झालं. शब्द उच्चारला की मागे पावलं वाजतात. सल्लागाराला हुकूम देता येत नाही. त्याच्याकडे ना हुद्दा, ना शिक्षा, ना बदली. जबाबदारी पूर्ण आणि अधिकार काहीच नाही. कोल्हापूर भागातल्या एका फाउंड्रीत भर पावसाळ्यात मी गेलो होतो. पंपाचे ओतीव भाग करणारा कारखाना. रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नापास होणाऱ्या मालाचं प्रमाण, वाढलं होतं, सुट्या भागात ब्लो होल पडत होते, म्हणजे धातूत हवेचे पोकळ फुगे. मी आठवडाभर आकडे काढले, सुपरवायझर आणि कामगारांना एकत्र उभं केलं आणि भट्टीचं तापमान, ओतायची वेळ, वाळूची तपासणी, उद्यापासून काय काय बदलायचं ते सांगितलं. वीस मिनिटांत संपवलं. सगळे शांतपणे म्हणाले, ‘बघूया की.’

मी समाधानाने निघालो. आपल्या माणसाचं ‘बघूया की’ म्हणजे काय, हे मी दहा वर्षांत विसरलो होतो. दोन आठवड्यांनी परत गेलो तर एकही गोष्ट बदललेली नव्हती. मला राग आला, आणि त्या रात्री खोलीवर बसून माझंच अ‍ॅप्रिसिएशन मी पुन्हा वाचलं. भट्टी होती, वाळू होती, वेळ होती. माणसं नव्हती. एकालाही मी काही विचारलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वही बंद ठेवून कोअर शॉपमध्ये जाऊन बसलो. कोअर म्हणजे ओतीव भागाच्या पोटातली पोकळी राखण्यासाठी केलेला वाळूचा गाभा. तिथे बायका काम करतात. त्यांच्यातल्या एका मावशींबरोबर दोन दिवस कोअर घासत बसलो, तेव्हा कुठं तिसऱ्या दिवशी त्या बोलल्या. ‘बाळा, पाऊस लागला की कोअर मऊ पडतोय. रॅक शटरजवळ असतोय आणि रात्री शटर उघडंच. सकाळी हाताला गार लागतोय बघ.’

ओल धरलेल्या कोअरवर तापलेला धातू पडला की वाफ होणार आणि ती धातूतच अडकणार. सगळं जुळत होतं. पण मालकांना पुरावा हवा होता. कोणत्या रात्री पाऊस किती वेळ होता, शटर कधी उघडं होतं, याची नोंद कारखान्यात कुठेच नव्हती. संगणकात नव्हती, सुपरवायझरच्या डायरीत नव्हती.

ती फाटकावर होती. रात्रपाळीच्या हवालदारांच्या रजिस्टरमध्ये, ट्रकच्या नंबरांच्या शेजारी, समासात बारीक अक्षरात. ‘0140 ते 0415 मुसळधार. शटर नं. 2 उघडे, सांगितले, बंद केले नाही.’ रोज. सात आठवड्यांची पानं. मी ती रिजेक्शनच्या कागदाशेजारी ठेवली. शटर उघडं राहिलेल्या ओल्या रात्रीनंतरचा दिवस आणि वाढलेलं रिजेक्शन, पान उलटेल तसं समोर येत गेलं.

मी त्यांना विचारलं, ‘हवालदारसाहेब, हे लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?’

‘कुणी नाही साब. ड्युटीच्या नोंदीत हवामान असतंच की.’

‘मग इतके दिवस कुणाला दाखवलं का नाही?’

ते जरा वेळ गप्प राहिले. म्हणाले, ‘कुणी बघायला मागितलं नाही.’

रॅक आतल्या भिंतीला हलवला. शटर बंद ठेवायचं काम मावशींनी स्वतःहून अंगावर घेतलं, आणि या वेळी मी कुणालाही एक शब्द सांगितला नव्हता. मालकांसमोर कागद मांडायची वेळ आली तेव्हा मी हवालदारांना बरोबर नेलं. सुरुवातीला ते दाराशीच उभे राहिले. मग टेबलावरच्या पेपरवेट, पेन आणि काडेपेटीची त्यांनी सँड मॉडेलसारखी, म्हणजे लढाईआधी वाळूत करतात त्या नकाशासारखी, मांडणी केली, हे शटर, हा रॅक, हा वारा, आणि पाच मिनिटांत सगळं सांगितलं. माझ्या चाळीस स्लाइड मी उघडल्याच नाहीत.

पुढच्या महिन्यात मालकांनी त्यांच्याकडे स्टोअर्सचं काम दिलं. पहिल्या दिवशी त्यांनी दोनच वस्तू मागितल्या. एक रेघांची मोठी वही आणि भिंतीवर लावायला घड्याळ.

नमस्कार.