लेकीच्या बेटावरची मंडळी

मंडळी, नमस्कार.

मी हा शब्द उच्चारला की तुमच्या डोळ्यांपुढे सतरंजी, पेटी आणि उशिरा सुरू होणारं नाटक येत असेल. आमच्या नगरच्या घरात मात्र ‘मंडळी’ म्हणजे चर्च. ‘मंडळीत चल’ याचा अर्थ, आंघोळ कर, भांग पाड आणि रविवारच्या उपासनेला नीघ. त्यामुळे या हॉलमध्ये कुणी ‘मंडळी’ अशी हाक मारली की माझा हात अजूनही खिशाकडे जातो, अर्पणाची थैली फिरत येईल म्हणून. तुम्ही मला आपल्या इथल्या मराठी मंडळात नऊ वर्षं खजिनदार ठेवलंत ते यासाठीच असावं.

आज बोलायचं कारण माझी बारा वर्षांची लेक. दोन वर्षांपासून ती एक देश तयार करते आहे. न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या पोरीचा देश, म्हणजे बेटच असणार. नाव सीनाबेट. आपल्या सीना नदीवरून, जी मी तिला पूल ओलांडताना एकदाच दाखवली होती, आणि तेव्हा तिच्यात पाणी नव्हतं. या देशाला पोस्टाची तिकिटं आहेत, भरती-ओहोटीचं वेळापत्रक आहे आणि एक चर्च आहे. ‘सीनाबेटाची संयुक्त मंडळी’. त्या चर्चमध्ये गीतांचे क्रमांक लावायचा लाकडी फळासुद्धा तिने काढलाय, आणि त्यातला सातचा आकडा थोडा कललेला आहे. आमच्या नगरच्या फळ्यावरचाही कललेलाच असायचा. तिला कुणी सांगितलं, देव जाणे.

यंदाच्या गणपतीत आपल्यापैकीच कुणीतरी तिला प्रेमाने विचारलं, “अगं, तुम्ही ख्रिश्चन ना? मग मराठी इतकं छान कसं बोलतेस? आणि मूळचे कोण तुम्ही?” नाव सांगत नाही, कारण हा प्रश्न मला या ना त्या रूपात इथल्या निम्म्या लोकांनी विचारलाय आणि विचारताना प्रत्येकाच्या हातात मला द्यायचा मोदक होता.

ती गाडीत गप्प होती. घरी आल्यावर म्हणाली, “बाबा, माझं बेट सगळ्यांना खरं वाटतं. आपणच खोटे वाटतो.”

मी म्हणालो, “सोड गं, त्यांना माहीत नसतं.” त्यावर स्वयंपाकघरातून आमच्या सौ. बाहेर आल्या. पुढचा अर्धा तास मी इथे सांगत नाही. सार एवढंच, की माहीत नसतं कारण मी सांगत नाही. “नऊ वर्षं त्यांच्या वर्गण्या गोळा करतोस आणि त्यातले निम्मे तुला समीर समजतात!”

खरं आहे. सॅम म्हणजे समीर, असं पहिल्याच कोजागरीला कुणीतरी ठरवलं आणि मी मसाला दूध पीत मान हलवली. माझं नाव शमुवेल आहे. आज जाहीर करतो. पावती पुस्तकं बदलायची गरज नाही.

तर त्या बेटावरच्या चर्चबद्दल. लेकीने त्याचा इतिहास लिहिलाय. सहा वेगवेगळ्या पंथांची चर्चं, चाळीस वर्षं वाटाघाटी. भांडणाचा मुद्दा असा, की बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की मोठं होऊन स्वतः विश्वास कबूल करणाऱ्याला. शेवटी तोडगा, दोन्ही चालेल. आणि अगदी शेवटच्या क्षणी एक सातवं चर्च अंग काढून घेतं. मी विचारलं, “हे कुठून काढलंस?” तर म्हणते, “आजीने फोनवर सांगितलं. हे खरंच झालंय.”

झालंय खरं. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. अँग्लिकन, आधीच एकत्र झालेले प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, ब्रिटिश मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स अशी सहा घराणी एक झाली. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्टांनी ऐनवेळी माघार घेतली. बोलणी सुरू झाली होती 1929 मध्ये. बाप्तिस्म्याचा तोडगाही तोच, दोन्ही चालेल. आई तेव्हा नवी शिक्षिका होती. तिच्या लेखी त्या दिवसाची मुख्य आठवण म्हणजे जेवणात वरण कमी पडलं.

आपलं मंडळ मात्र गणपती कुठल्या वीकेंडला बसवायचा यावरून दोन वर्षांत फुटलं. तेव्हा आम्ही ख्रिस्ती फार समजूतदार, असं मी म्हणणार होतो, पण सौ. समोरच बसल्यात. नगरला आमच्याही मंडळीत दोन गट होते, आणि पेटीच्या कपाटाची किल्ली कुणाकडे यावर एक अख्खा नाताळ पेटीशिवाय झाला. आणि ‘मूळचे कोण’ हा प्रश्न चर्चच्या दाराबाहेर चपलांजवळ राहतो असंही नाही. सोयरिकीच्या वेळी तो आत येऊन पहिल्या बाकावर बसतो. हे मी तुमच्याइतकंच आमच्या लोकांना सांगतोय.

पण खोटे नाही हो आम्ही. अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले 1813 मध्ये आणि नगरला त्यांनी ठाण मांडलं 1831 मध्ये. नगरहून 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागलं. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे घेतले ते नगरच्या मिस फरारबाईंकडे. (आडनाव फरार, पण बाई शेवटपर्यंत नगरलाच टिकून राहिल्या.) आणि शाळेत आपण सगळ्यांनी ती जखमी पक्षिणीची कविता पाठ केली, तिच्याखाली कवी ना. वा. टिळकांच्या नावाआधी ‘रेव्हरंड’ छापलेलं होतं. आपण ते वाचलं आणि पुढच्या कडव्याकडे गेलो. मीही गेलो, आणि मी तर ते जिथे राहिले त्या नगरचा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या धड्याला आख्खा वर्ग हसायचा. नवरा 1895 ला ख्रिस्ती झाला, बाई पाच वर्षं आपला हट्ट आणि आपलं सोवळं सांभाळून मग स्वतःच्या वेळेने आल्या. त्या पाच वर्षांत त्या कमी मराठी झाल्या की जास्त, हा प्रश्न वर्गात कुणी विचारला नाही.

टिळकांनी चर्चमध्ये कीर्तन रुजवलं, अभंग रुजवला. म्हणून आमच्या ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकात विलायती चाली आहेत तशा झांजा वाजवून म्हणायच्या चालीही आहेत. आमचा फराळ दिवाळीचाच, फक्त नाताळाला होतो. आई करंज्या करते तेव्हा अर्ध्या शेजारी मागतात म्हणून सारणात खोबरं वाढवते. नगरला हे कुणालाच नवल नाही. नवल इथे, बारा हजार किलोमीटरवर, जिथे आपण ‘मराठी सण’ अशी यादी वेबसाइटवर टाकली आणि तिच्यात नाताळ नाही, ईदही नाही. यादी टाइप कुणी केली? खजिनदाराने.

इथल्या शाळेत मुलं आपली ओळख माओरी पद्धतीने करून देतात. आधी डोंगर, मग नदी, मग पूर्वज, सर्वांत शेवटी स्वतःचं नाव. लेकीने डोंगर म्हणून चांदबिबीचा महाल असलेला सांगितला, नदी सीना. बाईंनी टाळ्या वाजवल्या. कुणी विचारलं नाही, की मग तू मूळची कोण.

यंदा नाताळ आपण इथे करायचा का, हे कार्यकारिणीपुढे आहे. होईल असं वाटतं, चकल्या करायला माणसं मिळाली तर. माझी काळजी वेगळी आहे. आई फोनवर रोज रात्री नातीसाठी मराठीत प्रार्थना करते, लांबलचक, त्यात शेजाऱ्यांचे गुडघेही येतात. नात डोळे मिटून ऐकते आणि शेवटी ‘आमेन’ म्हणते. पण स्वतःची प्रार्थना ती इंग्रजीत करते. मला वाटायचं त्यात काय एवढं.

परवा तिने नकाशाचा कोपरा पूर्ण केला. तिथे चर्चची माहिती, बारीक अक्षरात. पाळक किती, घंटा किती वाजता. त्याखाली लिहिलंय, ‘उपासनेची भाषा: मराठी (पूर्वी)’.

मी विचारलं, “पूर्वी म्हणजे कधीपर्यंत?”

ती पेन्सिलीला टोक करत होती. म्हणाली, “ते साल अजून ठरवलं नाहीये.”