पटावरचे दाणे आणि ६४१

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, आणि चौसष्टाव्या घरापर्यंत पोचण्याआधीच राजाचं कोठार रिकामं. आपण 'बापरे' म्हणतो आणि विसरून जातो. मला आज त्या दाण्यांची एकूण संख्या फोडून बघायची आहे.

फळ्यावर लिहितो : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. म्हणजे २ चा ६४ वा घात, वजा १. शेवटी ५ आहे, तेव्हा ५ ने भाग जातो. अंकांची बेरीज ८७, म्हणून ३ नेही जातो, ९ ने नाही. यापुढे कसोट्या थकतात आणि शाळेतलंच एक सूत्र धावून येतं, वर्गांच्या वजाबाकीचं. ६४ वा घात हा ३२ व्या घाताचा वर्ग. म्हणून आपली संख्या म्हणजे (३२ वा घात वजा १) गुणिले (३२ वा घात अधिक १). यातला पहिला कंस पुन्हा तसाच फुटतो, मग त्यातला पहिला, असं कांदा सोलल्यासारखं चालू राहतं. शेवटी हाती येतात ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७.

पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. सहावीही असणार, किंबहुना याच साच्यातल्या (२ चा १, २, ४, ८, १६, ३२... वा घात, अधिक १) पुढच्या सगळ्याच असणार, असं १६४० मध्ये फ्रेंच गणिती फर्माला वाटलं. सिद्धता त्याच्याकडे नव्हती. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने दाखवलं की सहावीला ६४१ ने भाग जातो, भागाकार ६७,००,४१७.

हे भागाकार न करताही दिसतं, आणि मला ते फार आवडतं. फक्त ६४१ ने भागल्यावर उरणारी बाकी बघत चला. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १. म्हणून '५ गुणिले २ चा ७ वा घात' याची बाकी उणे १, म्हणजे पूर्ण भाग जायला एक कमी. चौथा घात घ्या : '६२५ गुणिले २ चा २८ वा घात' याची बाकी १. पण ६४१ म्हणजे ६२५ + १६ सुद्धा! तेव्हा ६२५ च्या जागी उणे १६ चालतं, आणि १६ म्हणजे २ चा ४ था घात. झालं : उणे '२ चा ३२ वा घात' याची बाकी १. म्हणजे ३२ व्या घातात १ मिळवला की बाकी शून्य.

ऑयलरने पुढे हेही सिद्ध केलं की या सहाव्या संख्येच्या कुठल्याही मूळ अवयवाला ६४ ने भागल्यास बाकी १ च उरते. मग तपासायला १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ एवढ्याच उरतात. पाचवा भागाकार! फर्माने तेवढे पाच का केले नसतील, याचं मला नेहमी कुतूहल वाटतं.

तर दाण्यांच्या एकूण संख्येचे मूळ अवयव सात : त्या पहिल्या पाच, शिवाय ६४१ आणि ६७,००,४१७. एकही दोनदा नाही. प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून विभाजक २ चा ७ वा घात, म्हणजे १२८. पटाच्या आठव्या घरातही १२८ च दाणे असतात. हा निव्वळ योगायोग, पण गोड आहे.

जाता जाता अर्ध्या पटाकडे बघा. पहिल्या ३२ घरांत ४,२९,४९,६७,२९५ दाणे. ही त्या पहिल्या पाच मूळ संख्यांची गुणाकारसंख्या. नुसती पट्टी आणि कंपास वापरून तत्त्वतः काढता येणाऱ्या, विषम बाजूंच्या सुसम बहुभुजांपैकी आजवर माहीत असलेला सर्वांत मोठा बहुभुज नेमका एवढ्याच बाजूंचा आहे.