काठवटीपासून आतड्यापर्यंत

[दृश्य: काठवट, पीठ, आधणाची वाफ]
सोलापूरची सकाळ. काठवटीत मालदांडीचं पीठ. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली, भौगोलिक मानांकन मिळालेली ही ज्वारी. मधोमध आळं करून आधणाचं पाणी ओतलं जातं. ज्वारीत ग्लूटेन नसतं. कडकडीत पाण्याने स्टार्च फुलतो, तेव्हा कुठे पिठाला चिकटपणा येतो. दळून महिना झालेलं पीठ विरी जातं. मग कितीही मळा, थापताना कडा चिरतात. दळण आठ-पंधरा दिवसांपुरतंच आणा. आणि पीठ चाळून कोंडा टाकू नका. खरं काम त्याचंच आहे.

[दृश्य: तव्यावर पाण्याचा हात, आरावर फुगलेली भाकरी]
वरून पाणी फिरवायचं, ते सुकायच्या आत उलटायचं. उशीर झाला की भाकरी तडकते, वाफ निसटते, पापुद्रा सुटत नाही.

कोंड्यातले तंतू आपल्याला पचत नाहीत, ते थेट मोठ्या आतड्यात उतरतात. अंगातले बहुतेक जिवाणू तिथेच राहतात. अंगभरचे सगळे मिळून सुमारे ३८ लाख कोटी, वजन मात्र जेमतेम २०० ग्रॅम! ते हे तंतू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल तयार होतं आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. भाकरी शिळी झाली की तिच्यातला थोडा स्टार्चही पचायला जड होतो आणि या जिवाणूंपर्यंत पोचतो. म्हणून रात्रीची भाकरी ताकात कुस्करून खाणं हा गरिबीचा नाही, शहाणपणाचा नाश्ता आहे.

[दृश्य: विरजण]
अर्धा लिटर उकळलेलं दूध करंगळीला सोसेल इतकं, ४० ते ४५ अंशांवर आलं की चमचाभर विरजण. ५० अंशांच्या वर घातलं तर विरजण मरतं, दूध लागत नाही. मे महिन्यात इथे पाचेक तासांत दही होतं. रात्रभर बाहेर राहिलं तर आंबट होऊन पाणी सुटतं. दह्यातले जिवाणू आतड्यात मुक्काम करत नाहीत, म्हणून ते रोज ताजं हवं.

मनाने घेतलेल्या अँटिबायोटिकने आतड्यातले उपयोगी जिवाणूही मरतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

[दृश्य: ताट]
मैद्याची सवय असेल तर अर्ध्या भाकरीपासून सुरुवात करा, पाणी वाढवा. एकदम दोन खाल्ल्या तर पोट फुगेल. सोबत शेंगाचटणी, आणि बुक्कीने फोडलेला कांदा. कांद्यातला इन्युलिन नावाचा तंतूही याच जिवाणूंच्या वाट्याचा.